एका घरातल्या चार पेन्शनी

आमच्या कुटुंबात पेन्शनचे चार प्रकार नांदतात. थोरले भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, त्यांना जुनी पेन्शन. मी एसटीत वाहक होतो, मला भविष्य निर्वाह निधीची ‘ईपीएस ९५’. सूनबाई प्राथमिक शिक्षिका, पण नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेली, म्हणून तिला राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे एनपीएस. आणि खेड्यावरची विधवा बहीण श्रावणबाळ योजनेच्या पैशांवर. चौघांनीही आयुष्यभर काम केलं. बहिणीने तर सगळ्यांत जास्त, उन्हातान्हात, कापसा-सोयाबीनच्या शेतात. म्हातारपणी हातात पडणाऱ्या रकमेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

पेन्शन आणि सरकारी दवाखाना या दोन गोष्टींवरून जे राजकारण चालतं, ते मी बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजात बसून वर्षानुवर्षं पाहतो आहे. मोर्चात चाललो, धरण्याला बसलो, निवेदनाच्या पोच घेतल्या, बँकेच्या रांगेत उभा राहिलो. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितो. निवृत्तीला आलेल्यांना उपयोग होईलच, पण जे आज तिशीत आहेत त्यांनी आधी वाचावं.

१. पेन्शनला उपकार म्हणू देऊ नका

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेत गर्दी असते. पासबुक छापून घेताना मागून कुणीतरी हमखास म्हणतं, “तुमचं बरं आहे बाप्पा, बसून खाता.” पूर्वी मी हसून सोडून द्यायचो. आता उत्तर देतो.

१७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकारा खटल्यात निकाल दिला. सरन्यायाधीश होते आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. पाच न्यायमूर्तींच्या त्या घटनापीठाने स्वच्छ सांगितलं की पेन्शन ही मालकाची मर्जी किंवा बक्षिसी नाही. केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे आणि म्हातारपणाची सामाजिक सुरक्षा आहे. म्हणून तर १७ डिसेंबर हा देशभरात पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो.

तो खटला सरकारी पेन्शनरांचा होता. पण माझ्यासारख्याचं तर प्रकरण त्याहून सरळ आहे. १६ नोव्हेंबर १९९५ ला ईपीएस सुरू झाली तेव्हापासून मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के दरमहा पेन्शन फंडात जात होते. पगाराची मर्यादा पाच हजारांची होती तोवर ४१७ रुपये, २००१ मध्ये ती साडेसहा हजार झाली तेव्हापासून ५४१ रुपये. ते पैसे तिकडे गेले नसते तर माझ्या पीएफमध्ये व्याजासह साचले असते. मग फुकट खातो कसा?

२. कपात कधी वाजतगाजत येत नाही

कुठलंही सरकार उठून असं म्हणत नाही की आम्ही तुमची पेन्शन कापतो. तसं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी कचेऱ्या बंद पडतील. कपात येते ती शासन निर्णयातून, कमाल मर्यादेतून, सरासरीच्या नियमातून. आणि शक्यतो ती अशा माणसांवर लावतात जी अजून नोकरीतच लागलेली नाहीत.

महाराष्ट्रात ३१ ऑक्टोबर २००५ चा शासन निर्णय आला. दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ पासून, सेवेत येणाऱ्यांना जुनी पेन्शन नाही. त्याऐवजी परिभाषित अंशदान योजना, पुढे तिचंच एनपीएस झालं. केंद्राने हेच १ जानेवारी २००४ पासून केलं होतं. त्या वेळी शिक्षकांत, कर्मचाऱ्यांत म्हणावा तसा गदारोळ झाला नाही. होणार कसा? ज्यांचं जाणार होतं ती पोरं तेव्हा डी.एड. करत होती. ज्यांच्या संघटना मजबूत होत्या त्यांचं काहीच जात नव्हतं. आमच्या भाऊंनी तो निर्णय वाचला आणि पेपर घडी करून ठेवला. त्यांच्याच घरातली सून पुढे त्यात सापडणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

ईपीएसचंही तसंच. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन एक हजार झाली, त्याच्या बातम्या मोठ्या अक्षरांत आल्या. त्याच दुरुस्तीत पेन्शनसाठी शेवटच्या १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी धरायची असं ठरलं. पगार वाढता असतो, त्यामुळे सरासरी खाली येते. पंधरा हजारांहून जास्त पगारावर नव्याने लागणाऱ्यांना तर योजनेतूनच वगळलं. ही ओळ कुणाच्या लक्षात राहिली नाही. नव्या नियमात ‘यापुढे नियुक्त होणाऱ्यांना’ असे शब्द दिसले की तो नियम आपल्या मुलांसाठी आहे असं समजून वाचावा.

३. सूत्र पाठ करा, भाषण नंतर

मोर्चाला येणाऱ्या दहाजणांना विचारलं की तुमची पेन्शन कशी काढली, तर नऊजण म्हणतात, “काय माहीत, त्यांनी दिली तेवढी.” पण ईपीएसचं सूत्र तिकिटाच्या हिशेबाइतकं सोपं आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र नोकरीची वर्षं भागिले ७०.

समजा मर्यादा साडेसहा हजार असतानाच्या काळात कुणी निवृत्त झाला आणि १९९५ नंतरची त्याची नोकरी १८ वर्षं. ६,५०० गुणिले १८ भागिले ७०, म्हणजे साधारण १,६७१ रुपये. त्यात १९९५ पूर्वीच्या नोकरीची थोडीशी भर. शेवटचा पगार वीस हजार असला तरी हिशेब साडेसहा हजारांवरच. आणि आजच्या पंधरा हजारांच्या मर्यादेवर पूर्ण ३५ वर्षं मोजली तरी येतात ७,५०० रुपये. ईपीएस पेन्शनरांच्या संघर्ष समितीची मागणी किमान साडेसात हजारांची आहे. आजच्या सूत्रात पस्तीस वर्षं राबणाऱ्याला जेवढं मिळतं तेवढं तरी सगळ्यांना द्या, एवढाच तिचा अर्थ. हे आकडे मी आमदारांसमोर मांडले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खिशातून पेन काढला. त्याआधी मुठी आवळून घोषणा दिल्या होत्या, तेव्हा ते फक्त मान हलवत होते.

सूत्र कळलं की दुसरीही गोष्ट कळते. ४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने वाढीव पगारावर पेन्शनचा निकाल दिला, तेव्हा गावोगाव पेढे वाटायची तयारी झाली. पण १ सप्टेंबर २०१४ पूर्वी वाढीव पगाराचा पर्याय न देता निवृत्त झालेल्यांना त्याचा लाभ नव्हता. मी त्याच गटातला. ज्यांना लाभ होता त्यांना आधी फरकाची रक्कम भरायची होती, आणि ती काहींची लाखांत गेली. निकाल आपल्याला लागू आहे का, हे आधी बघायचं, पेढ्याचं नंतर.

४. महागाई भत्ता नाही, तर पेन्शन दरवर्षी कमीच होते

भाऊंची पेन्शन महागाई भत्त्यासह वाढत जाते. थकबाकी आली की ते नातवंडांना कपडे घेतात. माझ्या पेन्शनचा आकडा निवृत्तीच्या दिवशी जो लिहिला गेला तोच आज आहे. ईपीएसला महागाई भत्ता जोडलेलाच नाही.

२०१४ मधले एक हजार रुपये आणि आजचे एक हजार, किराणा दुकानात घेऊन जा आणि पाहा. तेल, तूरडाळ, गॅसची टाकी एवढ्यातच संपतं. राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच किमान तीन हजार पेन्शन आणि तिला महागाईची जोड देण्याची शिफारस केली होती. त्या समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी. पुढे तेच आपल्या राज्याचे राज्यपाल झाले, राजभवनातून निरोप घेऊन परतही गेले. शिफारस तिथेच आहे.

आमच्या बहिणीला श्रावणबाळचे दीड हजार मिळतात. २०२३ मध्ये हजाराचे दीड हजार झाले. तिला मिळतात याचा मला आनंदच आहे, आणखी मिळावेत. पण फंडात वर्षानुवर्षं पैसे कापून दिलेल्या कामगाराला किमान एक हजार आणि काहीच न भरता मिळणारी मदत दीड हजार, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात ते कळत नाही. म्हणून निवेदनात रक्कम वाढवा एवढंच लिहू नये. महागाईशी जोडा, हे आधी लिहावं. रक्कम एकदा वाढते आणि पुढे दहा वर्षं तिथेच थिजते.

५. नियम चुकला तर न्यायालय आहे, कागद चुकला तर कुणी नाही

माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकचं नाव नोकरीत एक, आधारवर दुसरं. फरक एका वेलांटीचा. तेवढ्यावरून त्याची पेन्शन कित्येक महिने अडकली. कचेरीतला बाबू म्हणायचा आस्थापनेकडून दुरुस्ती आणा, आस्थापना म्हणायची कचेरीतून पत्र आणा.

म्हणून नोकरीत असतानाच पुढच्या गोष्टी तपासून ठेवा. जन्मतारीख सगळीकडे एक आहे का. नोकरी सुरू झाल्याची तारीख बरोबर आहे का. नोकरी बदलली असेल तर आधीची वर्षं जोडली गेली का. कारण पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात आणि तुकड्यातुकड्यांत नोकरी केलेले इथेच घसरतात. वारस म्हणून पत्नीचं नाव आहे का. आपल्याकडे बायकोच्या कागदावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, हा घोटाळा घरोघरी. नवरा गेल्यावर त्या बाईला निम्म्या पेन्शनसाठी दारोदार फिरावं लागतं. ते टाळणं नवऱ्याच्या हातात असतं आणि तो जिवंत असतानाच असतं.

मग हयातीचा दाखला. जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करायचं. आमच्या वाहकांचे अंगठे नोटा मोजून, तिकिटं फाडून गुळगुळीत झालेले. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. पोरगं म्हणतं, “काका, हात धुऊन या.” हात धुतले. “काका, थोडं तेल लावा.” तेल लावलं. “आता दुसरा अंगठा ठेवा.” दहाही बोटं झाली. शेवटी मोबाइलमध्ये चेहरा दाखवून काम झालं. ती सोय आता आहे, घरबसल्या होते, हे शेजारच्या म्हाताऱ्यांना सांगा. ईपीएसवाल्यांनी नोव्हेंबरचीच वाट पाहायची गरज नाही. वर्षात केव्हाही दाखला देता येतो आणि तो दिल्यापासून वर्षभर चालतो.

सूनबाईचं दुखणं वेगळं. तिच्या पगारातून अंशदान कापलं गेलं, पण सुरुवातीच्या काही वर्षांच्या हिशेबाची पावतीच मिळेना. कापलेला पैसा कुठल्या खात्यात आहे हे विचारायला तिला अर्जावर अर्ज करावे लागले. माझा नियम साधा आहे. पगारातून रुपया गेला की त्याची पावती ट्रंकेत आली पाहिजे.

६. दवाखाना हाही पेन्शनचाच भाग आहे

म्हातारपणी पैसा जातो कुठे? आमचं उत्तर एकच, मेडिकलवर. बीपीची गोळी, शुगरची गोळी, गुडघ्याचं मलम. म्हणून सरकारी दवाखान्यात गोळी मिळाली तर ती पेन्शनमध्ये झालेली वाढ असते, आणि “बाहेरून आणा” अशी चिठ्ठी मिळाली तर ती पेन्शनमधली कपात असते.

राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसकट उपचार मोफत केले. चांगला निर्णय. पण मोफत असणं आणि उपलब्ध असणं यांत अंतर आहे. जागा रिकामी, डॉक्टर कंत्राटी, एक्स-रेचा माणूस बदलीवर, औषध संपलेलं. यातल्या कशालाही कुणी कपात म्हणत नाही. निर्णय कायम राहतो, योजना चालू राहते, आणि रुग्ण जालन्याच्या जीपमध्ये बसतो. आमच्या देऊळगाव राजाचं दुखणंच असं आहे की कागद बुलढाण्याला जातो आणि पेशंट जालन्याला. जिल्ह्याचं ठिकाण लांब, जालना तीसेक किलोमीटरवर. रात्री छातीत कळ आली तर माणूस जिल्ह्याची हद्द पाहत नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, सत्तर वर्षांवरच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड आहे, पाच लाखांपर्यंत संरक्षण. कार्ड काढून ठेवाच. पण या योजना दवाखान्यात भरती झाल्यावरच्या. रोजच्या गोळ्यांचं बिल त्यांच्यात बसत नाही, आणि आमचा खर्च रोजच्या गोळ्यांचा आहे. म्हणूनच ईपीएसवाल्यांच्या मागण्यांत पेन्शनवाढीबरोबर पती-पत्नीला मोफत वैद्यकीय सुविधा ही मागणी पहिल्यापासून आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. तो पैसा तालुक्यापर्यंत आला का हे कळायला, पुढाऱ्याने कार्ड वाटपाचा कार्यक्रम घेतला की त्याला तालुक्यातल्या रिक्त जागांचा आकडा विचारावा. मी विचारतो. त्यामुळे हल्ली स्टेजवर बोलावत नाहीत.

७. संपाची किंमत दुसरंच कुणी मोजतं

१४ मार्च २०२३. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभरचे लाखो कर्मचारी संपावर गेले. सूनबाई त्यात होती. दवाखान्यात परिचारिका नाहीत, तहसीलमध्ये शुकशुकाट. आणि त्याच आठवड्यात विदर्भ-मराठवाड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट. गहू आडवा, हरभरा काळा. पंचनामे करणारे हात संपावर.

पुतण्या शेती करतो. तो संध्याकाळी आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, “वहिनी, तुमची पेन्शन व्हायची तेव्हा होईल. माझ्या गव्हाचा पंचनामा कोण करील?” सूनबाई म्हणाली, “भाऊजी, मी साठीला रिकाम्या हाताने घरी बसले तर ते तरी कोण बघील?” दोघंही खरं बोलत होते. मी मध्ये पडलो नाही. चहा झाला, पण त्या दिवशी गप्पा झाल्या नाहीत.

सरकारला अशा वेळी फार काही करावं लागत नाही. शेतकरी कर्मचाऱ्यावर चिडतो, बेरोजगार दोघांवर चिडतो. कोल्हापुरात तर बेरोजगार तरुणांनी जुन्या पेन्शनच्या विरोधात मोर्चा काढला. आम्ही कमी पगारात काम करायला तयार आहोत, असं त्यांचं म्हणणं. हे टाळायचं असेल तर संप करणाऱ्यांनी अत्यावश्यक कामं, दवाखाना आणि पंचनामा, स्वतःहून चालू ठेवावीत आणि ते जाहीर करावं. लोकांची सहानुभूती गेली की मागणी कितीही न्याय्य असो, ती एकट्याची होते.

गंमत अशी की त्याच आठवड्यात, १६ मार्चला, फ्रान्सच्या सरकारने निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करणारा कायदा संसदेच्या कनिष्ठ सभागृहात मतदान न घेताच पुढे रेटला आणि पॅरिसच्या रस्त्यांवर आग पेटली. तिथे सर्व कामगार संघटना एका झेंड्याखाली आल्या होत्या, आणि लोकही बहुतांशी त्यांच्या बाजूने होते. तरी कायदा झाला. मात्र सरकारला तो पचला नाही. २०२५ मध्ये त्याला स्थगिती द्यावी लागली.

८. मतपेटीचा आवाज मोर्चापेक्षा लांब जातो

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस म्हणाले होते की जुनी पेन्शन देता येणार नाही, तिजोरीवर सुमारे एक लाख दहा हजार कोटींचा बोजा येईल. दोन महिन्यांत शिक्षक-पदवीधरांच्या निवडणुकांचे निकाल लागले. नागपूर शिक्षक मतदारसंघात सुधाकर अडबाले यांनी नागो गाणार यांना हरवलं. आमच्या अमरावती पदवीधरमध्ये बुलढाण्याचे धीरज लिंगाडे यांनी माजी मंत्री रणजित पाटील यांना पाडलं. या निकालांत पेन्शनचा वाटा मोठा आहे, हे सत्ताधाऱ्यांनीही ओळखलं.

मग भाषा बदलली. मार्चचा संप २० तारखेला मिटला तो माजी सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमून. जानेवारी २०२४ मध्ये ठरलं की जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची आणि नेमणूक नंतरची असेल तर त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळेल. २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने एकीकृत पेन्शन योजना आणली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राने ती स्वीकारली. २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, दहा वर्षांवर किमान दहा हजार. कर्मचाऱ्याचं अंशदान मात्र चालूच. जुनी नाही, पण हमी परत आली. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, हे सांगायला नको.

सरकारचीही बाजू खोटी नाही. माणसं जास्त जगतात, पगार-पेन्शन-व्याजातच तिजोरीचा मोठा हिस्सा जातो, आणि पेन्शन न मिळणाऱ्या शेतमजुराच्या करातूनही ती जाते. त्यामुळे किती द्यायचं यावर वाद व्हावा. पण एनपीएसप्रमाणे हमीच नको, बाजार जे देईल ते घ्या, हे मला मान्य नाही. बाजार पडला त्या वर्षी निवृत्त झालेल्या मास्तरचा दोष काय? आणि जे बाजाराच्या हवाली करतात त्यांनी आपल्यासाठी काय ठेवलं? आपल्याकडे माजी आमदाराची पेन्शन पन्नास हजारांपासून सुरू होते. एक टर्म पुरे.

९. बातमी राजपत्रात येईपर्यंत बातमी नाही

ईपीएस ९५ ची राष्ट्रीय लढाई आमच्या बुलढाण्यातून चालते, हे जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला माहीत नाही. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय संघर्ष समिती, आणि बुलढाण्यात डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषण. एसटीचे, वीज मंडळाचे, साखर कारखान्यांचे, सहकारी संस्थांचे म्हातारे पाळीपाळीने बसायचे. बसायला जाताना डबा नाही, पण गोळ्यांची पुडी खिशात असायची. मार्च २०२० मध्ये खासदार हेमा मालिनी यांच्यासोबत समिती थेट पंतप्रधानांना भेटली. जंतरमंतर झालं, मंत्र्यांच्या भेटी झाल्या, आश्वासनं झाली.

या सगळ्या काळात मोबाइलवर किमान पेन्शन साडेसात हजार कितीतरी वेळा ‘मंजूर’ झाली. दर अर्थसंकल्पाच्या आधी, दर दिवाळीच्या आधी. पहाटे मेसेज येतो, खाली फुलं, वर तिरंगा. आमच्या कट्ट्यावरचे एक काका मोठ्याने वाचून दाखवतात आणि मग सगळे माझ्याकडे बघतात. मी विचारतो, “अधिसूचना क्रमांक?” काका चष्मा पुसतात. खोट्या बातमीने लढाईचं मोठं नुकसान होतं. मिळालं असं वाटून माणूस पुढच्या धरण्याला येत नाही, आणि नाही मिळालं हे कळलं की नेत्यांवर चिडून येत नाही. अशाच मेसेजमागून फरक जमा करतो म्हणत ओटीपी मागणारे फोनही येतात. पेन्शनसाठी कुणीही फोनवर ओटीपी मागत नाही, हे आईबापांना आजच सांगा.

१०. दुसऱ्याच्या ताटात बघून आपली भूक भागत नाही

सगळ्यांत अवघड धडा हाच. ईपीएसवाला म्हणतो मास्तरांना कशाला एवढी. नवा मास्तर जुन्या मास्तरावर जळतो. शेतकरी तिघांवर. आणि सगळे मिळून ‘लाडकी बहीण’ योजनेतल्या बायकांवर. प्रत्येकाचा राग खालच्याच्या किंवा शेजारच्याच्या ताटावर.

१९७७ च्या डिसेंबरपासून र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्यातले सरकारी कर्मचारी ५४ दिवस संपावर होते. मागणी केंद्राइतक्या महागाई भत्त्याची. भाऊ त्या संपात होते. आज त्यांना जो महागाई भत्ता मिळतो त्यामागे ते ५४ दिवस आहेत. म्हणजे त्यांची पेन्शन माझ्या ताटातून गेलेली नाही. ती त्यांच्या एकीतून आलेली आहे. आम्ही एसटीवाले, गिरणीवाले, कारखानेवाले विखुरलेले, आमचा पदवीधरांसारखा मतदारसंघ नाही, म्हणून आम्ही हजारावर.

तेव्हा सांगायचं ते एवढंच. भाऊंची पेन्शन कापून माझी वाढणार नाही, आणि माझी अडवून बहिणीला कुणी दोन हजार देणार नाही. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात येईल तेव्हा चौघांनी मिळून तीन प्रश्न विचारा. किमान पेन्शन किती आणि ती महागाईशी जोडणार का? तालुक्याच्या दवाखान्यातल्या रिक्त जागा कधी भरणार? आणि तुमची स्वतःची पेन्शन आमच्या सूत्राने काढायची तयारी आहे का? उत्तर लेखी घ्या, तारीख टाका, सही घ्या. आणि सही देत नसेल, तर मत देण्याआधी पुन्हा एकदा विचार करा.